मीठ मी वाढणार

माझ्यापुढचा प्रश्न असा होता: फळीवरचा आपला बिल्ला आपल्याऐवजी दुसऱ्या कोणी काढला, तर त्यात नेमके काय बिघडते?

हा प्रश्न यंदा आमच्या कारखान्यात नव्याने रुजू झालेल्या एका मुलीने विचारला. तिच्या स्वरात उद्धटपणा नव्हता, खरी अडचण होती. मी तिला नियमाचे कलम वाचून दाखवू शकले असते. पण कलमात काय करावे एवढेच लिहिलेले असते. ते का करावे हे सांगायचे, तर मला एका माणसाविषयी सांगावे लागेल.

आधी बिल्ला म्हणजे काय ते सांगते. आमचा कारखाना मोहोपाड्याच्या बाजूला, रसायनांचा. तिथल्या मोठ्या टाक्या अधूनमधून आत उतरून साफ कराव्या लागतात. आत जाणारा प्रत्येक माणूस टाकीजवळच्या लाकडी फळीवर आपला पितळी बिल्ला अडकवतो आणि बाहेर आल्यावर आपल्या हाताने काढून घेतो. फळीवर एक जरी बिल्ला लटकत असेल, तरी टाकीचे झाकण बसत नाही. फळी रिकामी झाली की झाकण बसते, आणि मग आत कोणी डोकावत नाही. हे शेवटचे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावे. पुढे त्याचे काम आहे.

ही फळी आमच्याकडे ज्यांनी आणली, ते आमचे सुरक्षा अधिकारी. कामगार त्यांना बिल्लेकाका म्हणत. तोंडावर म्हणत, आणि त्यांना त्याचे काही वाटत नसे. उंच, खांद्यात किंचित वाकलेले, भर वैशाखातही पूर्ण बाह्यांचा सदरा मनगटाशी बटण लावून घालणारे, आणि गळ्यात शिट्टी. ती शिट्टी ते घरीही काढत नसावेत असा आमचा समज होता. एकदा त्यांच्या पत्नी कारखान्याच्या स्नेहसंमेलनाला आल्या, तेव्हा मी धीर करून विचारले. त्या म्हणाल्या, "झोपताना काढतात. उशाला ठेवतात." म्हणजे आमचा समज फारसा चुकीचा नव्हता.

सकाळी गेटातून आत आले की त्यांची नजर प्रथम खांबावर फडफडणाऱ्या, वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या कापडी पिशवीकडे जाई. मग समोर जो कोणी असेल त्याला ते विचारत, "वारा कुठून?" हाच त्यांचा नमस्कार. उत्तर आल्याशिवाय पुढचे बोलणे होत नसे. एकदा मुख्य कचेरीतून नवे व्यवस्थापक आले. त्यांनी हात पुढे केला, तर काकांनी विचारले, "वारा कुठून?" व्यवस्थापक गोंधळून म्हणाले, "मी आत्ताच आलोय." काका म्हणाले, "म्हणूनच तुम्हाला विचारलं. जुन्यांना माहीत आहे." यामागचे शास्त्र सोपे आहे. वायुगळती झाली तर वाऱ्याच्या पुढे धावू नये, त्याला आडवे जावे. आणि तेवढ्यासाठी वारा कुठून वाहतो हे गळतीच्या आधीपासून ठाऊक असायला हवे. गळती झाल्यावर वर बघायची आठवण कोणालाच राहत नाही.

माझी प्रयोगशाळेतली जोडीदार मंदा. ती खालापूरजवळच्या एका गावची, भातशेती करणाऱ्या घरातली. तिच्या भावाच्या लग्नाला आम्ही सगळे खालापूरला गेलो होतो. मंगलाष्टके सुरू होती, अक्षता मुठीत होत्या, आणि सभागृहाच्या मागच्या अंगाला खडखड ऐकू येऊ लागली. वळून बघते तो काका दोन वाढप्यांना हाताशी धरून मागच्या दारापुढे रचलेल्या खुर्च्यांचा ढीग हलवत होते. मंदाचे वडील घाईघाईने तिकडे गेले.

"अवो सायेब, पावन्यांनी खुर्च्या उचलायच्या नसतात!"

"दुसरं दार बंद होतं," काका घाम पुसत म्हणाले. "आता मोकळं आहे. लावा लग्न."

"लगीन लागलं की हो! तुमच्या अक्षता तुमच्या खिशात ऱ्हायल्या!"

काकांनी खिशातून अक्षता काढल्या, दुरूनच नवरानवरीच्या दिशेने टाकल्या आणि मग त्या मोकळ्या दाराजवळची खुर्ची धरून जेवणापर्यंत शांत बसून राहिले.

त्यांना एका शब्दाचा मनस्वी राग होता. तो शब्द म्हणजे 'असेल'. "नमुना आला असेल." "झडप बंद केली असेल." असे कोणी म्हटले की ते रागावत नसत; फक्त तो शब्द प्रश्नार्थक करून परत देत. "असेल?" एवढेच. मग समोरचा मुकाट्याने उठून बघून येई. माझे वडील शाळेत शिक्षक होते आणि मोघम उत्तराला तेही याच पद्धतीने वागवीत. त्यामुळे काकांशी माझे लवकर जमले. मीही बोलताना लोकांच्या चुका काढते, म्हणून प्रयोगशाळेत मला मास्तरीण म्हणतात. काका मात्र नुसते 'बाई' म्हणत.

हे सारे त्यांना कुठून लागले, हे मला माहीत नाही. एकदा मी सरळ विचारले होते. त्यावर ते म्हणाले, "जेवलात का?" त्यामुळे त्यामागे एखादी जुनी हकीकत असेल असे मी लिहिणार नाही. असेल, हा शब्द त्यांच्याविषयी लिहिताना तरी टाळलेला बरा.

आता चालण्याविषयी. आमच्या कंपनीचे मूळ परदेशात, आणि पूर्व आफ्रिकेतल्या एका डोंगराळ भागात तिचा एक लहान कारखाना आहे. तिथल्या गरीब घरांतल्या मुलांच्या शाळेसाठी ठिकठिकाणचे कर्मचारी वर्षातून एकदा चालतात. चालणाऱ्याने आपले नातेवाईक, शेजारी, ओळखीचे दुकानदार यांच्याकडून मदत मिळवायची आणि कंपनीने तिच्यात आपली भर घालायची, अशी पद्धत. आमचा मार्ग काकांनीच आखला. भात कापून झाल्यावर, थंडीच्या दिवसांत, कर्जतहून निघायचे. कोंडिवड्यावरून कोंडाणे गाव ओलांडून रानातल्या वाटेने लेण्यांपर्यंत चढायचे. आणि परत कोंडाण्यात उतरून बाळारामभाऊंच्या अंगणात जेवायचे. बाळारामभाऊ तिथले जुने शेतकरी. त्यांचे सारवलेले अंगण आमच्या साऱ्या पंगतीला पुरे.

या चालण्यालाही काकांनी फळी लावली. कर्जतला निघताना प्रत्येकाने आपला बिल्ला फळीवर अडकवायचा. फळी टेंपोतून, स्वयंपाकाच्या भांड्यांबरोबर, बाळारामभाऊंच्या अंगणात जाणार. चालत येणाऱ्याने तिथे पोचून आपला बिल्ला काढायचा. फळी रिकामी होईपर्यंत पातेल्यांवरची झाकणे उघडायची नाहीत. आणि काका स्वतः सर्वांत मागे चालणार. पुढे जाणाऱ्याला ते कधी हटकत नसत, पण त्यांच्या मागे राहायला कोणाला परवानगी नव्हती. कोणी चपलेचा पट्टा बांधायला थांबले, तर तेही थोड्या अंतरावर झाडाकडे बघत थांबून राहत.

फळीच्या वरच्या कडेला आणखी एक ओळ होती. त्या ओळीतल्या बिल्ल्यांवर क्रमांकांऐवजी नावे रंगवलेली होती, आमच्या जिभेला न वळणारी. ती त्या तिकडच्या मुलांची; फळी रिकामी म्हणताना ही ओळ आम्ही धरत नसू. एखादे मूल शाळा पूर्ण करून बाहेर पडल्याचे कळले, की काका त्याचा बिल्ला पाकिटात घालून टपालाने त्याच्याकडे पाठवत. "मुलगी आपला बिल्ला काढायला इथे येऊ शकत नाही," ते मला म्हणाले होते. "मग बिल्ल्याने तिच्याकडे जायचं." त्या मुलांना हा पितळी तुकडा पाहून काय वाटत असेल, असे मी म्हणाले. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि मी मुकाट्याने 'असेल' मागे घेतला. पुढे एका मुलीचे छायाचित्र आले. गणवेशातली, शाळेच्या पायरीवर उभी, आणि बिल्ला दोन बोटांत धरून डोळ्यांपाशी आणलेला, जणू त्यातून आमच्याकडेच बघते आहे.

बाळारामभाऊंना मात्र हे चालणे पहिल्या वर्षी पटले नव्हते. चहाचा पेला काकांच्या हाती देता देता त्यांनी विचारले, "सायेब, येक इचारू का? आमच्या वरच्या वाडीतली पोरं पन चालतच शालंत जातात. त्यांच्यासाटी कोन चालतंय?"

कोणीतरी जनसंपर्काचे काहीतरी बोलू लागला, त्याला काकांनी हाताने थांबवले. चहा संपवला, पेला धुवून ठेवला आणि निघाले. पुढच्या वर्षी अंगणात पाऊल टाकल्या टाकल्या ते म्हणाले, "बाळारामभाऊ, तुम्ही विचारलं होतं."

"मी? कवा?"

"गेल्या वर्षी. तुमचा प्रश्न बरोबर आहे. पण तिकडच्या मुलांना आम्ही शाळेत घातलंय. त्यांचे बिल्ले फळीवर आहेत. ती बाहेर येईपर्यंत मला ही फळी सोडता येणार नाही. वाडीच्या मुलांसाठी दुसरी फळी करू. तुम्ही चालणार का?"

"आता मी काय चालनार? मी तर रोजच चालतो."

"मग सोपं आहे," काका म्हणाले.

ती दुसरी फळी झाली. ते चालणे लहान असते, माघात असते, आणि बाळारामभाऊ त्यात सर्वांत पुढे असतात. काठी न घेता, आणि मागच्यांना टोमणे मारत.

राहिली मिठाची गोष्ट. पंगत बसली की मीठ आधी वाढतात, हे सर्वांना ठाऊक आहे. चालण्याच्या दिवशी ते मीठ काकांशिवाय कोणी वाढायचे नाही, असा त्यांचा हट्ट होता. "मीठ मी वाढणार," ते वाटी उचलत म्हणत. भात कोण वाढतो, आमटी कोण वाढते, याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हते. वाटी घेऊन ते पहिल्या पत्रावळीपाशी वाकत, पत्रावळीच्या वरच्या कडेला चिमूटभर मीठ ठेवत, मग मान वर करून बसलेल्याच्या तोंडाकडे नीट बघत, "हं" म्हणत आणि पुढे सरकत. पोटात कावळे ओरडत असताना हा विधी फार लांबे.

"काका, मीठ वाढताय का मुलगी बघायला आलाय?" कोणीतरी ओरडे.

"चेहऱ्यावरून मिठाचं माप काढतात रं ते," दुसरा म्हणे. "तुला कमी दिलं बघ. आधीच खारट."

काका हसत; पण वाटी दुसऱ्याच्या हाती देत नसत. आम्ही सर्वांनी हे त्यांच्या अनेक लहरींपैकी एक म्हणून सोडून दिले होते. शास्त्र शिकलेल्या आणि कारणाशिवाय काही न मानणाऱ्या मला देखील त्याचे कारण विचारावेसे वाटले नव्हते.

ज्या वर्षाची हकीकत सांगायची, त्या वर्षी काकांचा गुडघा बिघडला होता. डॉक्टरांनी चढ-उतार बंद केला होता. त्यामुळे ते टेंपोत फळीशेजारी बसून कोंडाण्याला गेले आणि सर्वांत मागे चालण्याचे काम देखभाल विभागातल्या जनार्दनकडे आले. जनार्दन जबाबदार माणूस. त्याच्याकडून चूक झाली असे मी म्हणणार नाही. लेण्यांवरून उतरताना मी वाट सोडून बाजूच्या झाडीत गेले. बायकांना अशा वेळी बाजूला जावे लागते आणि मागच्या पुरुषाला ते कोणी सांगत नाही. तेवढ्यात जनार्दन वरून आला, वाट मोकळी दिसली, आणि तो पुढे गेला. मी घाईने परत फिरले, वाळक्या पानांवरून पाय सरकला आणि वाटेखालच्या कोरड्या ओढ्यात जाऊन पडले. उजवा घोटा मुरगळला. उभे राहता येईना. फोनला रेंज नव्हती. वाट माझ्या डोक्याच्या वर, करवंदीच्या जाळीआड होती. मला ती दिसत नव्हती, म्हणजे तिच्यावरून जाणाऱ्याला मी दिसणार नव्हते.

तरी मी घाबरले नाही. याचे श्रेय माझ्या धैर्याला नाही. मी दगडाला टेकून पाय सरळ केला आणि मनाशी क्रम लावला: माझा बिल्ला फळीवर आहे. बिल्ला आहे तोवर झाकण उघडणार नाही. झाकण उघडले नाही तर सगळे उपाशी राहतील. उपाशी माणसे मला शोधायला येणारच. या तर्कात मला कुठेही दोष दिसला नाही. मी पाणी प्याले आणि वाट बघत बसले.

दोष माझ्या तर्कात नव्हता; तो खाली अंगणात घडत होता. तिथले मला नंतर मंदाने सांगितले.

सगळे पोचले होते. फळीच्या खालच्या भागावर एकच बिल्ला लटकत होता, माझा. वालाच्या बिरड्याचा वास सुटला होता. आमच्याकडे एक वाईट प्रथा होती: शेवटी येणाऱ्याची हुर्यो करायची. "आली गं आली, वरात आली!" असे ओरडत ताटे वाजवायची. आदल्या वर्षी ती वरात माझी निघाली होती आणि मी मंदापाशी त्याबद्दल कुरकुरले होते. मंदाने ते लक्षात ठेवले होते.

"जनार्दनभाऊ, मागं कोन हाय का?" तिने विचारले.

"कोन नाय. मी शेवटचा."

"मंग मास्तरीण आली असंल. हातपाय धुवाया गेली असंल नदीवर."

"तर मग काढ ना बिल्ला! जीव चाललाय इथं!" पाठीमागून तिघे-चौघे ओरडले.

आणि मैत्रिणीची वरात टळावी म्हणून मंदाने माझा बिल्ला काढून पर्समध्ये टाकला. टाळ्या पडल्या. फळी रिकामी झाली. इथे ते मघाचे वाक्य आठवावे. आमच्या कारखान्यातला माणूस रिकामी फळी पाहिली की आत डोकावत नाही. वर्षानुवर्षांची सवय आहे ती. दुसऱ्या कोणत्याही सहलीत कोणीतरी म्हणाले असते, "अरे, त्या बाई दिसत नाहीत." आमच्यांपैकी एकालाही तसे वाटले नाही. फळी रिकामी होती, म्हणजे सगळे बाहेर होते. पंगत बसली.

त्या वेळी काका फळीपाशी नव्हते. ते आचाऱ्याशी वाद घालत होते. गॅसची टाकी चुलीवरचा वारा जातो त्याच बाजूला ठेवली आहे, ती हलवा, असे त्यांचे म्हणणे होते. आणि "काका, तीस वर्सं रांधतोय मी," असे आचाऱ्याचे. टाकी हलली. मग काका लंगडत आले, फळीकडे पाहिले, मान डोलावली आणि मिठाची वाटी उचलली.

पहिली पत्रावळ. मीठ, चेहरा, "हं." दुसरी. तिसरी. गुडघ्यामुळे वाकायला वेळ लागत होता. "काका, आज मीठ नको, थेट जेवू," असे कोणी म्हणाले. ते पुढे सरकत राहिले. शेवटच्या पत्रावळीवर मीठ ठेवून ते सरळ झाले आणि वाटी हातात घेऊन तसेच उभे राहिले.

"बाई कुठे आहेत?"

"कोन बाई?"

"मास्तरीणबाई. त्यांना मी मीठ वाढलं नाही."

"आली असंल की, हिकडंच कुठंतरी..." मंदा म्हणाली.

"असेल?"

मंदा सांगते, तो शब्द तिने आधी कितीतरी वेळा ऐकला होता, पण त्या दिवशी तो ऐकताच तिचा हात पर्सकडे गेला. तिने पर्स उघडली आणि बिल्ला पुढे धरला. "काका, मी काढला. चुकलं माझं."

काका तिच्यावर रागावले नाहीत. "परत लावा," एवढेच म्हणाले. तिने तो फळीवर लावला. बिल्ला लटकताच सारी पंगत उठली. कोणाला काही सांगावे लागले नाही. एकाही पत्रावळीवर अजून भात पडला नव्हता. नुसती मिठाची चिमूट होती.

काकांनी चुलीच्या धुराकडे बोट दाखवले. धूर डोंगराकडे कलत होता. "वारा वर चाललाय. आपली हाक त्यांना ऐकू जाईल, त्यांची आपल्याला येणार नाही. तेव्हा नुसत्या हाका मारत पळू नका. बघत चला."

पण घाबरलेली माणसे पळतातच, आणि हाका मारतातच. ओढ्यात बसलेल्या मला प्रथम त्या हाका ऐकू आल्या. "मास्तरी-ण! ओ मास्तरी-ण!" मी ओरडले. पावले जवळ आली, माझ्या डोक्यावरून धडधडत गेली आणि लेण्यांकडे वर निघून गेली. मी पुन्हा ओरडले. माझा आवाज मागोमाग वर जायला हवा होता. पण त्यांचा गलबला माझ्या आवाजाहून मोठा होता, आणि पुढे ती माणसे लांब गेली. रान पुन्हा गप्प झाले. तेव्हा मात्र मी घाबरले. हिशेबातली शेवटची पायरी घडून गेली होती आणि उत्तर आले नव्हते.

त्यानंतर काही वेळाने काठीचा आवाज आला. टक्, थांबणे, टक्, थांबणे. एका माणसाची, फार हळू चाल. तो आवाज माझ्या वर येऊन थांबला आणि पुढे गेलाच नाही.

"इथला पाचोळा खरवडलाय," वरून कोणीतरी स्वतःशीच म्हणाले. मग मोठ्याने: "बाई, आहात का?"

"आहे!" मी ओरडले. "मी इथे आहे!"

"कुठे लागलंय?"

"घोट्याला. बाकी ठीक आहे."

"बघितलंत का, की ठीक असेल?"

"बघितलं, काका!"

"मग हलू नका." त्यांनी शिट्टी वाजवली, लांब, तीनदा. मग ते खाली बसल्याचा आवाज आला, गुडघ्याच्या कळेचा एक हुंकार, आणि जाळीतून मला त्यांच्या बुटांचे तळवे दिसले. त्या वेळी मला दुसरे काही दिसायला नको होते. माणसे उतरून येईपर्यंत ते तिथून हलले नाहीत. मध्येच त्यांनी विचारले, "बाई, वारा कुठून?" आणि मी ओढ्यात पडल्या पडल्या हसू आणि रडू एकत्र येऊन म्हणाले, "खालून वर."

"बरोबर," काका म्हणाले.

डॉक्टरांनी ज्या माणसाला चढ बंद केला होता, तो सर्वांत मागून चढला होता. आणि सर्वांत मागे होता, सावकाश होता, बघत होता, म्हणूनच त्याला मी सापडले. पुढे धावलेल्यांपैकी कोणाचीच नियत खोटी नव्हती.

बाळारामभाऊंच्या घरातली लाकडी खुर्ची आली, तिला दोन बांबू बांधले आणि चौघांनी मला उचलले. अंगणाच्या तोंडाशी मंदा उभी होती. डोळे पुसत, नाक ओढत, तीच पहिल्यांदा ओरडली, "आली गं आली, वरात आली!" मग सगळ्यांनी ताटे वाजवली. बाळारामभाऊंनी आत हाक दिली, "अगं, तुकडा ओवाळून टाक, नवरी आली बघ खुर्चीतनं!" त्या वरातीबद्दल मी आजवर कुरकुरले नाही.

मला आधी फळीपाशी नेले. खुर्ची उंचावर धरली, मी हात लांबवून माझा बिल्ला काढला. फळी रिकामी झाली. मग पंगत पुन्हा बसली. पाय उशीवर ठेवून मी शेवटच्या पत्रावळीपाशी बसले. काका लंगडत आले, वाकले, मीठ ठेवले, माझ्या तोंडाकडे पाहिले.

"हं," ते म्हणाले.

तेव्हा मला त्या मिठाचे कारण कळले. फळी बिल्ले दाखवते. माणसे बघायची असतील तर प्रत्येकापुढे जाऊन वाकावे लागते. दिवसभर चाललेल्या प्रौढ माणसांना 'हजर' म्हणायला लावले असते तर त्यांनी थट्टा केली असती, किंवा एकाने दुसऱ्यासाठी हजेरी दिली असती. मिठाला कोणी तसे करत नाही. दुसऱ्याच्या वाट्याचे मीठ कोणी मागून घेत नाही. फळीवर पूर्ण विश्वास न ठेवणारा आमच्यात एकच माणूस होता, आणि तो म्हणजे ज्याने ती फळी आणली तोच.

मंदाशी ते पुढेही पूर्वीसारखेच वागले. फक्त जाताना एकदा म्हणाले, "मैत्रिणीचं भलं बघितलंत. पुढच्या वेळी मैत्रीण बघा." मंदा अजून हे वाक्य सांगते, आणि दर वेळी नाक ओढते.

आता काका निवृत्त आहेत. कर्जतलाच असतात. गुडघ्याची शस्त्रक्रिया चांगली झाली. चालण्याच्या दिवशी ते रिक्षाने बाळारामभाऊंच्या अंगणात येतात आणि फाटकाजवळच्या, बाहेर पडायला सोप्या अशा खुर्चीवर बसतात. वरच्या ओळीतले बिल्ले त्यांच्यानंतरही टपालाने जात आहेत. चालणाऱ्यांसाठी आता फोनमध्ये एक अॅप आहे. त्यात प्रत्येक माणूस एक ठिपका असतो आणि पोचला की हिरवा होतो. प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलीने यंदा मला ते उत्साहाने दाखवले. "मॅडम, सगळे हिरवे आहेत. आता तरी वाढू या?" मी म्हटले, "छान झालं," आणि मिठाची वाटी उचलली. काकांनी निवृत्त होताना ती माझ्या हाती दिली होती. पंगतीतून कोणीतरी ओरडले, "आली मास्तरीण, आता तासभर मीठ!" फाटकाजवळच्या खुर्चीवरून काकांनी वाटी माझ्याच हाती आहे ना, एवढे बघून घेतले. मी शेवटच्या पत्रावळीपर्यंत गेले. सगळे होते. "हं," मी म्हणाले, आणि वाटी खाली ठेवली.

माझे उत्तर असे, की दुसऱ्याने आपला बिल्ला काढला तर फळीचे काहीच बिघडत नाही. ती रिकामी आणि व्यवस्थित दिसते. फक्त ओढ्यात बसलेल्या माणसाला शोधायला कोणी निघत नाही. पण हे माझ्या सांगण्यावरून मानू नका. पुढच्या वेळी चार माणसांबरोबर कुठे गेलात आणि कोणी म्हणाले, "सगळे आले," तर मिठाची वाटी घेऊन उठा, प्रत्येकासमोर वाका, आणि स्वतः बघा.